बारा दिवसांच्या टाकीत चार गोगलगाई

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला काही चुकीचं कळलं असेल तर लक्षात येईल. ठाण्यात घरी दोन फुटी टाकी, मांडून बारा दिवस झालेत. पाणी अर्धं नळाचं, अर्धं आरओचं. मासे अजून आणलेले नाहीत. टाकी घेतली तिथेच चार पिवळ्या गोगलगाई मिळाल्या, 'या सोडा, काच साफ ठेवतील' या आश्वासनासकट. त्या आठवड्यापूर्वी सोडल्या. काच मात्र तपकिरी होत चाललीय आणि कालपासून एक गोगलगाय तळाशी उताणी पडून आहे. ती मेली का, उरलेल्या तिघी ठेवू की काढू, आणि पुढे टाकीभर पिल्लं होतील का, असे तीन प्रश्न.

आधी उताणी पडलेलीचं बघू, कारण त्यात वेळ घालवून चालणार नाही. या जातीच्या गोगलगाई कधीकधी दिवस-दीड दिवस एकाच जागी पडून राहतात, शंखात हवा अडकली तर वर तरंगतातही. तेवढ्यावरून मेली म्हणायचं नाही. हात स्वच्छ धुवा (साबण उरता कामा नये), तिला बाहेर काढा आणि शंखाच्या तोंडावरची चकती बघा. ती झाकणीसारखी चकती आत ओढलेली असेल, बोट लावल्यावर आणखी घट्ट मिटत असेल, तर बाई जिवंत आहेत. चकती सैल लोंबत असेल, मांस बाहेर आलं असेल आणि बोट लावूनही काहीच हालचाल नसेल, तर नाकाजवळ न्या. लांब धरूनसुद्धा कळेल. सुकट ओली होऊन दोन दिवस पिशवीत राहिली तर जो वास सुटतो, त्याच्याही वरचा वास असतो. एकदा घेतला की पुन्हा ओळखायला चुकत नाही. मेली असेल तर लगेच बाहेर, आणि टाकीतलं एक तृतीयांश पाणी आजच बदला. सुपारीएवढी मेलेली गोगलगाय नव्या टाकीत किती अमोनिया सोडते याची कल्पना पाण्याच्या रंगावरून येत नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत राहतं आणि बाकीच्या एकेक करून जातात.

आता मुळाकडे येतो. गोगलगाय टाकी साफ करते हे अर्धं खरं आहे. ती शेवाळ, सडलेली पानं, उरलेलं खाणं खाते, पण खाल्लेलं सगळं विष्ठा म्हणून त्याच टाकीत सोडते. ती कचरा टाकीबाहेर नेत नाही, तो बारीक करते. जुन्या टाकीत हा बारीक केलेला कचरा पचवायला जिवाणू बसलेले असतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट थोडंफार असलं तरी चालतं, आपण पाणी बदलून ते काढत राहतो. पहिली दोन मात्र विषारी. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर चिकटून वाढतात आणि पुरेसे व्हायला साधारण चार ते सहा आठवडे घेतात. तुमची टाकी बारा दिवसांची. म्हणजे तिच्यात चार जणींना राहायला दिलंय आणि मोरी अजून बांधलेली नाही.

काचेवरचा तपकिरी थरही याच वयाचा आजार. हे नेहमीचं हिरवं शेवाळ नाही, डायटम म्हणतात ते. पाण्यातली सिलिका वापरून ते वाढतं, जवळपास प्रत्येक नव्या टाकीत येतं आणि काही आठवड्यांत टाकी बसली (म्हणजे हे जिवाणू पुरेसे वाढले) की बहुतेक वेळा आपणहून जातं. तोवर जुन्या एटीएम कार्डाने खरवडा. त्यासाठी गोगलगाई आणायची गरज नव्हती, आणि तुमच्याकडच्या पिवळ्या, ज्यांना दुकानात मिस्टरी किंवा ॲपल म्हणतात, त्या काच चाटण्यात तशाही फार वाकबगार नाहीत. त्यांना तळाशी पडलेलं मऊ खाणं जास्त प्रिय.

उरलेल्या तिघींचं काय? तुमच्या ओळखीत कुणाची सहा महिन्यांहून जुनी टाकी असेल, तर त्यांना महिनाभर तिकडे पाठवा. हा सगळ्यात चांगला उपाय. त्यांना सोडून परत येताना त्याच टाकीतल्या फिल्टरचा एक स्पंज मागून घ्या, त्याच टाकीच्या पाण्यात बुडवलेला, पिशवीत ओला ठेवून. तो तुमच्या फिल्टरला लावला की सहा आठवड्यांचं काम दीड-दोन आठवड्यांवर येऊ शकतं. स्पंज नळाखाली धुऊ मात्र नका. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारायलाच घातलेलं असतं, आणि आपण मागून आणलेले असतात ते जिवाणूच.

तशी टाकी कुणाकडे नसेल तर तिघी आहेत तिथेच राहू द्या, मासे नाहीत हे तुमचं नशीब. पण मग रोज पाव टाकी पाणी बदलायचं. आदल्या रात्री बादलीत भरून ठेवलेलं, किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब घातलेलं. थेंबांची अमोनिया आणि नायट्राइटची किट घ्या, पट्ट्यांपेक्षा ती बरी. अमोनिया ०.५ पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) वर दिसला तर त्या दिवशी अर्धं पाणी. खाणं एका दिवसाआड, तेही नखभर. दोन्ही आकडे आठवडाभर शून्यावर टिकले आणि नायट्रेट दिसायला लागलं, की टाकी बसली असं समजायचं.

कुणी तुम्हाला सांगेल की माशांशिवाय टाकी तयार करायला नवसागर घाल, कल्हईवाले वापरतात तो. रसायन तेच आहे, अमोनियम क्लोराइड, आणि हिशेबाने बघितलं तर ५० लिटरला ०.३ ग्रॅमच्या आसपास घातलं की २ पीपीएम अमोनिया होतो. पण बाजारातल्या नवसागरात आणखी काय मिसळलंय याची खात्री नसते, आणि टाकीत गोगलगाई असताना तर घालायचाच नाही. रिकामी टाकी असेल आणि प्रयोगशाळेच्या दर्जाचा मिळाला, तर गोष्ट वेगळी.

आता ज्या गोष्टीकडे तुमचं लक्षच गेलेलं दिसत नाही ती: आरओचं पाणी. मला तुमच्या सगळ्या पत्रात सर्वांत जास्त खटकलं ते हे. माशांसाठी शुद्ध पाणी चांगलं असा समज आहे, पण गोगलगाईला शंख बांधायला कॅल्शियम लागतं आणि ते तिला खाण्यातून आणि पाण्यातून घ्यावं लागतं. ठाण्या-मुंबईचं धरणाचं पाणी मुळातच पावसाचं, म्हणजे हलकं. त्यात अर्धं आरओ मिसळलंत, म्हणजे उरलेले क्षारही अर्धे केलेत. वर नव्या टाकीत आणखी एक गंमत चालू असते. अमोनिया पचवताना जिवाणू पाण्याची क्षारता (आम्ल शोषून पीएच टिकवून धरण्याची ताकद) खातात, १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम. जड पाण्यात हे लक्षातही येत नाही. हलक्या पाण्यात राखीव साठाच थोडा, तो संपला की पीएच घसरतो, ७ च्या खाली गेला की शंख हळूहळू विरघळायला लागतो, आणि पीएच फारच खाली गेला तर जिवाणूंचं कामही मंदावतं. म्हणजे टाकी बसायला उशीर, आणि बसेपर्यंत शंखाला भोकं.

उलट औरंगाबाद, लातूरकडे किंवा पुण्याच्या कडेच्या टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत मी बोअरच्या पाण्यावर टाक्या सांभाळल्यात. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही असलं पाणी, आणि त्यात गोगलगाईंचे शंख असे गुळगुळीत की पॉलिश केल्यासारखे. पण तिथे दुसरा धोका: पीएच ८ च्या पुढे. तोच अमोनिया पीएच ७ ला जेवढा विषारी असतो, त्याच्या साधारण दहापट ८ ला असतो. म्हणून जड पाणीवाल्यांनी टाकी बसण्याआधी घाई केली तर त्यांच्या गोगलगाई शंख चकचकीत ठेवून मरतात.

तुम्ही आरओ बंद करा. पुढची पाणी बदलणी फक्त नळाच्या पाण्याने. आणि काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन समुद्रफेस मागा. माकुलाच्या पाठीतलं ते पांढरं, हलकं हाड. आयुर्वेदात वापरतात, पोपटाच्या पिंजऱ्यात लटकवतात तेच. अंगठ्याएवढा तुकडा तोडून पाण्यात टाका. पहिले एक-दोन दिवस तो तरंगेल, मग भिजून बसेल. गोगलगाई त्यावर चढून खरवडताना दिसतील. दुसरा मार्ग, पोवळ्याचा चुरा मुठीएवढा घेऊन मलमलच्या कापडात पुरचुंडी बांधायची आणि फिल्टरच्या पाण्याच्या वाटेत ठेवायची. पाणी आम्लाकडे झुकलं की तो विरघळतो, नाहीतर गप्प पडून राहतो, त्यामुळे जास्त होण्याची भीती फारशी नाही. अंड्याची टरफलं टाकणारे पुष्कळ आहेत. चालतात, पण आतला पापुद्रा काढून कुटावी लागतात आणि विरघळतात इतकी सावकाश की मी त्यांच्या भरवशावर राहत नाही. आणि टीडीएस मीटर दाखवून 'माझं पाणी २०० आहे' असं सांगू नका. त्यात मीठ किती आणि कॅल्शियम किती हे मीटरला कळत नाही. जीएच (पाण्याचा एकूण जडपणा, कॅल्शियम-मॅग्नेशियमचा) आणि केएच (कार्बोनेटचा, म्हणजे पीएच टिकवणारा तो राखीव साठा) मोजायची किट वेगळी मिळते. जीएच ८ आणि केएच ४ च्या आसपास, पीएच ७.२ ते ८, एवढं असलं की पुरे.

भिंग असेल तर एकदा शंखाच्या तोंडाची कड बघा. शंख तिथूनच वाढतो, आणि गोगलगाय एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात गेली की त्या जागी एक बारीक रेघ उमटते. रेघेच्या अलीकडे, शेंड्याच्या बाजूला, दुकानातला शंख; पलीकडे, कडेच्या बाजूला, तुमच्या घरचा. पलीकडचा भाग पातळ, खडबडीत, फिकट असेल तर तुमच्या पाण्यात कॅल्शियम कमी आहे. शेंड्याकडची जुनी झीज कधीच भरून येत नाही, ती बघून घाबरू नका. निकाल फक्त नव्या कडेवरून लावायचा.

सहा आठवड्यांनी टाकी बसली की कोणत्या आणि किती? दोन फुटी टाकीत नावाला ५५ लिटर, खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की ४५ धरा. मासे येणार असतील तर मिस्टरी दोन, फार तर तीन. त्या पाच सेंटिमीटरपर्यंत वाढतात आणि वर्ष-दोन वर्षं जगतात. चार जास्तच होत्या. काच साफ हवी असेल तर नेराइट घ्या, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या. त्यांचं काम बघण्यासारखं असतं. तपकिरी थरावरून एक नेराइट रात्री फिरून गेली की सकाळी काचेवर नांगराच्या तासांसारखे नागमोडी पट्टे दिसतात, एकाला एक लागून. पण बारा दिवसांच्या टाकीत नेराइट सोडली तर पाणी चांगलं असूनही उपाशी मरते. ती दाणे-वड्या फारशी खात नाही, तिला काचेवरचा जुना बुळबुळीत थर लागतो. तो तयार झालाय का हे कळायला किट लागत नाही. पाण्याखाली काचेवर बोट फिरवा. बोट कोरडं घासल्यासारखं अडलं तर टाकी कोवळी आहे, शेवाळलेल्या पायरीवरून सटकावं तसं सटकलं तर तयार आहे. बाजारातल्या नेराइट बहुतेक निसर्गातून पकडलेल्या असतात, कारण त्यांच्या पिल्लांना वाढायला मचूळ पाणी लागतं. प्रवासात त्या आधीच उपाशी झालेल्या असतात. म्हणून दुकानातल्या काचेला चिकटून चालणारीच निवडायची, तळाशी पडलेली नाही.

खडीत राहणारी लांबट, शिंगासारखी मलेशियन ट्रम्पेट मला स्वतःला आवडते. दिवसभर वाळूत, रात्री वर. वाळू ढवळून ठेवते. तिचा आणखी एक उपयोग म्हणजे भरदिवसा सगळ्या ट्रम्पेट काचेवर चढून पाण्याच्या कडेला जमल्या, तर पाण्यात काहीतरी बिघडलंय किंवा ऑक्सिजन कमी पडलाय. किट काढून तपासा. पण ती एकदा आली की जात नाही, हे गृहीत धरून आणा.

ओढ्यातून, भाताच्या खाचरातून गोळा करून आणायचा मोह होईल, कोकणात गेलात की विशेष. आणू नका. गोड्या पाण्यातल्या गोगलगाई कृमींच्या मधल्या यजमान असतात, म्हणजे कृमी वाढीचा एक टप्पा त्यांच्या अंगात काढतात. रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी हे गाव माणसाला होणाऱ्या शिस्टोसोमा कृमीच्या रोगासाठी वैद्यकीय पुस्तकांत नोंदलेलं आहे. १९५० च्या दशकात तिथे संशोधन झालं आणि वाहक म्हणून पाण्यातल्या एका चिमुकल्या गोगलगाईकडेच बोट गेलं. घरच्या टाकीत उघडे हात घालायचे असतात, तेव्हा दुकानातलीच बरी.

आणल्यावर पिशवी फाडून ओतायची नाही. पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग गोगलगाई एका डब्यात काढून एअर पंपाच्या नळीला सैल गाठ मारा आणि सलाइनसारखं टाकीचं पाणी थेंब थेंब डब्यात पडू द्या, तासभर. मग हाताने उचलून पाय खाली येईल अशी ठेवा. वरून टाकलेली उताणी पडते आणि कोवळीला सरळ होता येत नाही.

औषधांबद्दल एक स्वतःचीच फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात एका दवाखान्याच्या प्रतीक्षालयातली टाकी मी सांभाळायचो. माशांवर पांढरे ठिपके आले, मी दुकानातून निळी बाटली आणली, लेबल न वाचता झाकणभर घातली. मासे बरे झाले. सहा नेराइट दोन दिवसांत खाली. बाटलीत कॉपर सल्फेट होतं, आणि तांबं गोगलगाईला अगदी थोडंही सोसत नाही. वाईट म्हणजे ते खडीत आणि गाळात मुरतं. नंतर तीनदा पाणी बदलूनही पुढच्या गोगलगाई तिथे टिकल्या नाहीत, शेवटी खडीच बदलली. तेव्हा जुनी टाकी वापरायला घेतली असेल तर आधीच्या मालकाला औषधांबद्दल जरूर विचारा. नव्या वनस्पतींवरही कधी कीटकनाशक असतं. त्या आठवडाभर वेगळ्या बादलीत, पाणी बदलत ठेवा.

खायला दुधी, दोडका, काकडी. पातळ चकती, दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, गार करून काट्याच्या चमच्याला टोचून बुडवायची. संध्याकाळी घातलेली सकाळी काढायची, नाहीतर तीच सडते. पालक सगळे सुचवतात, पण त्यातलं बरंचसं कॅल्शियम ऑक्झलेटमध्ये बांधलेलं असतं, शंखाच्या कामाचं नाही. मासे निवडताना फायटर आणि गुरामी टाळा, ते शिंगं चावतात. बिचारी दिवसभर शंखातच बसते आणि मालक म्हणतो माझी गोगलगाय आळशी आहे.

पिल्लांच्या प्रश्नाचं उत्तर जातीवर आहे. नेराइट काचेवर तिळाएवढे पांढरे ठिपके घालत राहील. त्यातून गोड्या पाण्यात काही निघत नाही, फक्त खरवडताना नखं दुखतात. मिस्टरीत नर-मादी वेगळे, आणि मादी अंडी पाण्याबाहेर घालते, झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा काचेच्या वरच्या कडेला, फिकट गुलाबी-पिवळसर घोस. दोन ते चार आठवड्यांत फुटतात. नको असतील तर पहिल्याच दिवशी खरवडून, पिशवीत बांधून रात्रभर फ्रीझरमध्ये, मग कचऱ्यात. ओढ्यात, तळ्यात काहीही सोडायचं नाही, अंडी नाहीत आणि कंटाळा आला म्हणून गोगलगाई तर नाहीतच. हिचीच एक भावंड-जात, गोल्डन ॲपल, १९८० च्या सुमारास अर्जेंटिनातून तैवानमध्ये खाण्यासाठी म्हणून नेली. लोकांना चव आवडली नाही, ती शेतात गेली, आणि आज आशियातल्या भातशेतीच्या मोठ्या किडींमध्ये तिची गणना होते. दुकानात दोघींना एकच नाव असतं. तुमची गोगलगाय निरोगी, ताज्या वनस्पतींची पानं सपाट्याने फस्त करत असेल तर ती दुसरी असण्याची शक्यता धरा.

वनस्पतींबरोबर न मागता आलेल्या बारक्या गोगलगाई वाढल्या तर त्या खाणं जास्त पडतंय हे सांगत असतात. रात्री दिवा बंद करून कोबीचं उकडलेलं पान तळाशी ठेवा, पहाटे पानासकट उचला. आठवडाभर हे केलं आणि खाणं निम्म्यावर आणलं की संख्या उतरते. त्यांना खायला म्हणून झेब्रा लोच विकत घेऊ नका. तो आपल्याच पश्चिम घाटातला, कृष्णेच्या खोऱ्यातला मासा, निसर्गात धोक्यात आलेला. घोळक्याने राहतो आणि बारक्या संपल्यावर तुमच्या मिस्टरीकडे वळतो.

शेवटचं, झाकण. पाण्याच्या वर दीड-दोन इंच हवा ठेवा, मिस्टरीला नळी वर काढून श्वास घ्यावा लागतो. पण वायर आणि पाइपासाठी ठेवलेली फट स्पंजने बुजवा. रात्री तीन मोजल्या आणि सकाळी दोनच दिसल्या, तर टाकीत पुन्हा पुन्हा शोधण्याआधी स्टँडच्या मागे, पडद्याच्या खाली बघा. तिला फुप्फुसासारखी पोकळीही असते, झाकणी मिटून ती बाहेर बरेच तास काढते. माझी एक सोफ्याखाली धुळीचा गोळा होऊन सापडली होती. धुऊन टाकीत ठेवली, अर्ध्या तासाने चालू लागली.